जुनं बेळगाव ऑनलाइन आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या वाचनालयांत आणि घरांत जे जुनं साठलंय, ते स्कॅन करून, त्याच्या नोंदी लिहून लोकांपुढे ठेवायचं काम आम्ही काही वाचक मंडळी फावल्या वेळात करतो. रविवारी वाचनालयात बसलं की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणी अल्बम घेऊन येतं, कुणी मोडी कागदांची पुरचुंडी, कुणी नुसतीच शंका. त्या सगळ्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. ज्या प्रश्नावर आम्ही स्वतः अडखळलो, तिथे उत्तर लांबलं आहे.

संग्रह ऑनलाइन आणणं म्हणजे नेमकं काय?

त्यात तीन गोष्टी येतात. वस्तूचं नीट स्कॅन किंवा छायाचित्र, ती वस्तू काय आहे हे सांगणारी नोंद, आणि ती नोंद कुणालाही घरबसल्या शोधता येईल अशी जागा. स्कॅनिंगला उत्साहाने चार हात मिळतात, नोंद लिहायला मात्र कुणी बसत नाही. नोंद नसेल तर हार्ड डिस्कवरचे दोन हजार फोटो कुणाच्याच उपयोगाचे नाहीत.

फोटो वेबसाइटवर टाकले की लोक आपोआप येतात ना?

येत नाहीत. आले तरी बघून जातात. लोकांना थांबवायचं असेल तर त्यांना काहीतरी विचारावं लागतं आणि त्यांनी सांगितलेलं मनावर घ्यावं लागतं.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १६ जानेवारी २००८ रोजी फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर सुमारे तीन हजार जुने फोटो ठेवले आणि वाचकांना सांगितलं, काही ओळखत असाल तर खाली लिहा. लोकांनी इमारती ओळखल्या, माणसं ओळखली, तारखा दुरुस्त केल्या. ग्रंथालयाने ती माहिती तपासली आणि त्याच वर्षात पाचशेहून अधिक फोटोंच्या मूळ नोंदी सुधारून घेतल्या. या शेवटच्या पायरीमुळेच लोक पुन्हा आले. आपण सांगितलेलं नोंदीत चढलं, हे त्यांना दिसलं.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन आणली, त्या सेवेचं आजचं नाव ट्रोव्ह. पानाशेजारी संगणकाने वाचलेला मजकूर दिसतो, तो चुकीचा असेल तर कुणीही ओळ दुरुस्त करू शकतो. २००८ पासून लोकांनी अशा कोट्यवधी ओळी दुरुस्त केल्या आहेत, तेही कुणी पगार न देता.

आमचा अनुभव एवढा मोठा नाही, पण धडा तोच. शाळेतल्या मुलींचा एक गट-फोटो आमच्याकडे आला होता. मागे शिसपेन्सिलीने "५२" आणि "शहापूर" एवढंच. आम्ही नोंद केली, "शहापूर, १९५२." ऑनलाइन वर्षभर तो पडून होता, कुणी काही बोललं नाही. मग आम्ही त्याची मोठी प्रिंट काढून वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारी लावली आणि खाली लिहिलं, "यातलं कुणी ओळखता का?" चौथ्या दिवशी नातवाचा हात धरून आलेल्या एक आजी फोटोसमोर उभ्या राहिल्या. चेहऱ्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही, मागच्या व्हरांड्याच्या लोखंडी नक्षीवर बोट ठेवलं. "अहो, ही आमची शाळा की! या कठड्याला टेकून डबा खाल्लाय मी." त्यांनी सात जणींची नावं सांगितली, बाईंचं नाव सांगितलं, आणि त्या स्वतः सातवीत होत्या ते वर्षही सांगितलं. ते १९५२ नव्हतं. "५२" हा फोटो स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्हचा नंबर होता, हे नंतर त्याच स्टुडिओचे दुसरे फोटो पाहिल्यावर कळलं.

वेबसाइट हवीच. पण ज्यांना सगळं आठवतं ते बहुतेक ऐंशीच्या पुढचे आहेत आणि वेबसाइट उघडत नाहीत. त्यांच्यापर्यंत कागदावरची प्रिंट आणि नातवाचा मोबाइल या दोनच वाटांनी जाता येतं.

बेळगावविषयी ऑनलाइन आधीपासून काय आहे?

वाटतं त्याहून पुष्कळ आहे, फक्त विखुरलेलं आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याचा, छपाई १८८४ ची. इंटरनेट आर्काइव्हवर तो पूर्ण वाचायला मिळतो. गावं, पिकं, बाजार, जाती, देवळं, किल्ले, सगळं साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं, म्हणून सावधपणे वाचायचं; पण आपल्या गावाचं पान उघडल्याशिवाय राहवत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतो. जुन्या कागदातला शब्द अडला की आम्ही आधी तिथेच जातो.

१९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन हे महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेलं एकमेव अधिवेशन. त्यांचं त्या वेळचं भाषण समग्र वाङ्मयाच्या शंभर इंग्रजी खंडांत आहे आणि ते खंड साबरमती आश्रमाच्या गांधी हेरिटेज पोर्टलवर मोफत आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल आहे. नाव नोंदवलं की सरकारी फायलींच्या सूचीत शोधता येतं आणि स्कॅन झालेल्या फायली उघडता येतात.

एका गोष्टीसाठी मात्र थोडं थांबायला हवं. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, छतातलं ते दगडी कमळ लहानपणी मान दुखेपर्यंत पाहिलेलं असतं. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ च्या सुमाराला, त्याचा मंत्री बिचिराज याने इथे रट्टजिनालय उभारलं. त्या मंदिराला दिलेल्या दानांचे शके ११२७ चे दोन शिलालेख आज इथे नाहीत. ते लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचं वाचन एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या तेराव्या खंडात छापलेलं आहे आणि तो खंड इंटरनेट आर्काइव्हवर आहे. लेख जुन्या कन्नडमधले, गावाचं नाव वेणुग्राम. आपल्या गावाचा दगड सातासमुद्रापार आणि त्याचा मजकूर आपल्या खिशातल्या फोनवर! दहावीतल्या मुलांना आम्ही बस्तीत उभं करून तो मजकूर फोनवर उघडून दाखवतो. एका मुलाने विचारलं, "सर, मग दगड परत कधी येणार?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण त्या दिवसापासून त्या मुलांना बस्ती आपली वाटू लागली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

"बेळगाव" शोधलं की काहीच येत नाही. असं का?

ज्या काळातली वस्तू आहे, त्या काळातलं नाव टाका. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे नव्या सरकारी नोंदी त्या नावाखाली सापडतात. त्याआधीच्या जवळपास सगळ्या इंग्रजी सूचींत बेलगॉम (Belgaum) हे स्पेलिंग आहे. जुन्या मराठी छपाईत "बेळगांव" असा अनुस्वार असतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे बरेच अनुस्वार गेले, पण संगणकाला "गांव" आणि "गाव" हे दोन वेगळे शब्द वाटतात. दोन्ही टाकून बघा.

जिल्हा कुठे मोडत होता तेही लक्षात घ्या. ब्रिटिशांच्या कागदांत हा सगळा मुलूख "सदर्न मराठा कंट्री" म्हणून येतो. हा शब्दप्रयोग इंग्रजी स्पेलिंगने टाकला, जुन्या पद्धतीने मराठामध्ये जादा एच घालून (Southern Mahratta Country), की नकाशे, अहवाल, पाद्र्यांची पत्रं असं बरंच वर येतं. चिकोडीचं स्पेलिंगही जुन्या कागदांत वेगवेगळं भेटतं. खानापूर शोधलं तर सांगली जिल्ह्यातलं खानापूर मध्ये घुसतं, तेव्हा सोबत बेलगॉम टाकावं.

शहापूरकरांसाठी वेगळी सूचना. शहापूर बेळगावला खेटून असलं तरी ते सांगली संस्थानात होतं. त्यामुळे संस्थानं विलीन होण्याआधीची शहापूरची विणकरी, पेठ, शाळा, न्यायालय यांची माहिती इंग्रजी बेळगाव जिल्ह्याच्या फायलीत शोधून मिळणार नाही. सांगली संस्थानाच्या नावाखाली शोधा. आमचं एक अख्खं वर्ष हे न कळल्यामुळे वाया गेलं.

आमचे पणजोबा पलटणीत होते, परत आले नाहीत. त्यांचं नाव कुठे सापडेल?

हा प्रश्न खानापूर आणि चंदगडकडच्या घरांतून नेहमी येतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांचा शोध मोफत घेता येतो. इराकमधल्या बसरा स्मारकावर त्या आघाडीवर मेलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे, त्यांत हिंदी सैनिक मोठ्या संख्येने आहेत.

नावाचं स्पेलिंग साहेबाने कानाने ऐकून केलेलं असतं. जाधव, पाटील, गावडे अशी आडनावं न लिहिता नुसतं पहिलं नाव आणि वडिलांचं नाव लिहिलेलं असू शकतं. म्हणून रेजिमेंट, सैनिक क्रमांक आणि गावाचं नाव यांवरून शोध घ्यावा. घरात पितळेचं गोल पदक किंवा बिल्ला असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ब्रासोने घासून लख्ख करू नका, कोरलेलं झिजतं.

घरात मोडी कागद आहेत. कुणाला वाचता येत नाहीत. काय करावं?

सर्वांत आधी काय करू नये ते ऐका. लॅमिनेशन नको. सेलोटेप नको. उन्हात वाळवणं नको. नॅप्थलीनच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवणं नको. जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर ठेवा. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात चार महिने भिंतींना ओल असते. कसर आणि वाळवी त्या ओलीनेच येतात. आपल्या आजोबांनी कागद रुमालात बांधून दप्तर आढ्याला टांगलं होतं, ते उगीच नव्हे.

मग फोटो काढा. पुढची बाजू, मागची बाजू, आणि घडी उलगडताना ज्या क्रमाने कागद निघाले तो क्रम. क्रम मोडला की अर्धी माहिती जाते, कारण खतावणीचं पान सुटं वाचून काही कळत नाही.

मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, त्यामुळे आजीच्या पिढीतलं कुणी अजून वाचणारं निघू शकतं, विचारून बघा. मोडी शिकवणारे वर्ग महाराष्ट्रात चालतात, ऑनलाइनही चालतात. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या यादीत, जागा मिळाली, म्हणजे आता मोडी अक्षर संगणकावर मोडी म्हणूनच साठवता येतं.

तारीख वाचताना घाबरू नका. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन असतो, तोही अरबी आकडेशब्दांत. "खमस सबैन मया व अलफ" असं दिसलं तर खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे सन ११७५. त्यात ५९९ मिळवा, १७७४ येतं. सुहूर वर्ष मृगाच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून ते १७७४-७५ धरायचं. पहिल्यांदा हे गणित जमलं त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून सांगितलं होतं.

कागदात काय निघेल याची भीती काहींना असते. जमिनीचा वाद, भाऊबंदकी. ती खरी असू शकते. कागद तुमचा आहे, ऑनलाइन द्यायचा की नाही हे तुम्हीच ठरवा. स्कॅन करून स्वतःकडे ठेवला तरी आमचं म्हणणं संपलं.

स्कॅनर नाही. मोबाइलने चालेल?

चालेल. उत्तरेकडच्या खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश बंद करून. फोन कागदाला समांतर, कडेला एक पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळतो. कागद उजळवून पांढरा करणारी अ‍ॅप जुन्या कागदाला वापरू नका, फिकट शाई त्यात उडते. स्कॅनर असेल तर छापील मजकुराला ३०० डीपीआय (स्कॅनच्या बारकाईचं माप), फोटोंना ६००. मूळ फाइल टिफ या तपशील न गमावणाऱ्या प्रकारात जपून ठेवा आणि लोकांना द्यायला जेपीजी काढा. एकूण तीन प्रती असाव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरात.

बांधीव अंक बाहेर स्कॅनिंगला देणार असाल तर सोबत बसा. आमचे जुने वर्तमानपत्रांचे दोन बांधीव खंड आम्ही एका ठिकाणी विश्वासाने दिले होते. त्यांनी पानं सपाट व्हावीत म्हणून कणा कापला आणि सगळं निव्वळ काळं-पांढरं स्कॅन केलं. फोटोंच्या जागी शाईचे डाग उरले, खंड सुट्या पानांच्या गठ्ठ्यात परत आला. कापलेली बांधणी परत होते, पण शिलाईजवळची अक्षरं गेली ती गेलीच. लेखी ठरवा: कणा कापायचा नाही, रंगीत स्कॅन, आणि आधी दहा पानांचा नमुना.

फोटोखाली काय लिहायचं?

कोण, कुठे, केव्हा, कुणी काढला, कुणाकडून आला, आणि हे सगळं कुणी सांगितलं. शेवटचं सगळ्यात जास्त विसरतं. "शेजारच्या काकूंनी सांगितलं, २०२३" एवढं लिहिलं तरी पुढच्या माणसाला माहितीचं वजन कळतं. नक्की नसेल तर "बहुधा" लिहा. आमच्या "५२" च्या चुकीत तेवढा एक शब्द असता तर ती चूक ठरली नसती.

फोटोची मागची बाजू स्कॅन कराच. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलचा आकडा, "चि. सौ. का." अशी सुरुवात असलेली अर्धी ओळ, सगळं मागे असतं.

आमच्याकडे जुने अंक टाइप केलेले आहेत, तरी शोधता येत नाहीत. का?

कारण ते बहुधा श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. डीटीपीवाल्याच्या संगणकावर छान मराठी दिसतं, पण आत साठलेलं असतं ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. फॉन्ट काढला की सगळं विस्कटतं. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत, रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. गावोगावच्या दिवाळी अंकांचे, स्मरणिकांचे असे किती मजकूर डीटीपीच्या जुन्या संगणकांत अडकून पडलेत! दुकान बंद झालं, संगणक भंगारात गेला की संपलं. तुमच्या ओळखीत असा कुणी डीटीपीवाला असेल तर याच आठवड्यात फोन करा.

छापील पानावरून संगणकाला वाचायला लावायचं असेल तर टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचतं. खिळ्यांच्या जुन्या छपाईत शिरोरेघ तुटलेली असते, तिथे ते "ख" चा "रव" करतं, "घ" आणि "ध" मध्ये, "भ" आणि "म" मध्ये घोटाळतं. म्हणून दुरुस्तीला माणसं लागतात. निवृत्त शिक्षकांनी हे काम हातात घेतलं तर त्यांच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही. मराठी विकिस्रोतावर पान एका बाजूला आणि मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून असंच मुद्रितशोधन चालतं, तिथे हात बसवता येतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, फेसबुक आहे. मग वेगळं कशाला?

ग्रुपवर ओळख पटकन पटते, हे खरं आहे, आणि आम्हीही तिथे विचारतो. पण व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं, कधी काढला ही माहिती पुसतं, आणि दहा दिवसांनी ते उत्तर कुणालाच सापडत नाही. ग्रुपवर आलेली माहिती त्याच दिवशी नोंदीत उतरवा. फोटो पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे मूळ दर्जा राहतो.

कॉपीराइटचं काय?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. लेखक १९६० मध्ये वारले असतील तर त्यांचं लेखन १ जानेवारी २०२१ पासून सर्वांचं झालं. निनावी आणि सरकारी प्रकाशनांना छापल्यापासून साठ वर्षं. घरगुती फोटोंबाबत नियम काही असो, आम्ही घरच्यांना विचारल्याशिवाय काहीच टाकत नाही. पुस्तक अजून हक्कात असेल तर नोंद आणि मुखपृष्ठापुरतं थांबा आणि वारसांना पत्र लिहा. बहुतेक वारस आनंदाने हो म्हणतात, आम्हाला तर एकाने उरलेल्या प्रतीही आणून दिल्या.

लोक फोटो उतरवून घेतील. मधोमध वॉटरमार्क टाकू का?

नको. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ पासून आपली चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवू दिली. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने ७ फेब्रुवारी २०१७ रोजी सुमारे पावणेचार लाख प्रतिमा कुठल्याही वापरासाठी मोकळ्या केल्या. त्यांचं काही बिघडलं नाही. शहापूरच्या एखाद्या विणकराने जुन्या फोटोतला पदराचा काठ पाहून नवा काठ विणला तर त्याहून चांगलं काय होणार? नाव द्यायला सांगा, तेवढं पुरे.

सीमा चळवळीचे फोटो आणि पत्रकं आहेत. टाकावीत का?

जपावीत नक्कीच. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, पुढे सीमाप्रश्नावर महाजन आयोग आला. या सगळ्याची अधिकृत कागदपत्रं कुठे ना कुठे सुरक्षित आहेत. गल्लीत वाटलेलं हातभर पत्रक, सभेचा फोटो, सत्याग्रहाला निघालेल्या बायकांची यादी, हे फक्त घरांत आहे आणि रद्दीत जातंय.

टाकताना दोन पथ्यं आम्ही पाळतो. फोटोतली व्यक्ती हयात असेल तर तिला, नसेल तर घरच्यांना विचारतो. कुणावर खटले होते, कुणाची मुलं आज नोकरीत आहेत. आणि नोंदीत विशेषणं लिहीत नाही. "१९५६, बेळगाव, सभा, पत्रकाची भाषा मराठी" एवढंच. पत्रक स्वतः बोलतं. परवानगी नसेल तर स्कॅन करून बंद ठेवतो आणि कधी उघडायचं ते घरच्यांकडून लिहून घेतो.

नोंदी मराठीत लिहायच्या की कन्नडमध्ये?

मराठीत लिहा, आणि जमेल तिथे कन्नड आणि इंग्रजीतही. आमच्या नोंदींना कन्नड शीर्षक जोडायला एक शेजारी काका मदत करतात, त्यांच्यामुळे कन्नड वाचणारे लोकही फोटो ओळखायला लागले. किल्ल्यातले लेख कन्नडमधले, दप्तरं मोडीतली, दुकानांच्या वह्या दोन्ही भाषांतल्या. एका घरातल्या लग्नपत्रिकेत एक बाजू मराठी आणि दुसरी कन्नड. बंगळूरच्या सर्व्हंट्स ऑफ नॉलेज या स्वयंसेवकांनी कन्नडसह अनेक भाषांतली पुस्तकं स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवली आहेत. त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. मराठी आपण जपणारच, त्यासाठी शेजाऱ्याची नोंद पुसायची गरज नाही.

आजीच्या ओव्या, गाणी, आठवणी या संग्रहात बसतात का?

बसतात, आणि त्यांना घाई सर्वांत जास्त. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या अनेक आता पारी या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकता आणि वाचता येतात. एवढं मोठं काम आपल्या हातून होईल न होईल, पण एका आजीच्या वीस ओव्या होतील.

पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर टॉवेलावर ठेवा, सुरुवातीला तारीख, गाव आणि नाव बोलून घ्या. मध्ये बोलू नका. आमच्या एका रेकॉर्डिंगमध्ये मावशी ओवी विसरतात आणि मी घाईने शब्द पुरवतो. नंतर कळलं की त्या वेगळीच ओळ आठवत होत्या, कन्नड शब्द असलेली. ती ओळ नंतर आली नाही. अजून खंत वाटते. लिहून काढताना त्या जशा बोलल्या तसंच लिहा, पुस्तकी मराठी करू नका.

लोकांनी चुकीची माहिती लिहिली तर?

लिहितील. आधीचं पुसू नका, खाली नवं जोडा. दोन घरं एकाच माणसाला आपला आजोबा म्हणाली, असं आमच्याकडे झालंय. दोन्ही दावे, कुणी आणि कधी केले ते लिहून, तसेच ठेवले. सहा महिन्यांनी दोन्ही घरं एकमेकांचे अल्बम बघायला बसली.

स्कॅन झालं की मूळ कागद टाकून द्यायचे का?

कधीच नाही.

छोट्या वाचनालयाला हे परवडेल का?

पैशापेक्षा माणसांचा वेळ लागतो. इंटरनेट आर्काइव्हवर आणि विकिमीडिया कॉमन्सवर ठेवायला पैसे पडत नाहीत. कॉमन्सवर मात्र मुक्त परवान्यातलंच, म्हणजे कुणालाही वापरता येईल असंच, चालतं. आपल्या भागात वाचनाची परंपरा जुनी आहे, बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. अशा वाचनालयांकडे सर्वांत मोठं भांडवल म्हणजे रोज सकाळी पेपर वाचायला येणारी माणसं.

किती लोकांनी पाहिलं, ते कसं मोजता?

पाहिलेल्यांचा आकडा आम्ही टिपतो, पण त्यावर विसंबत नाही. किती नोंदी वाचकांमुळे सुधारल्या, किती घरांनी नवीन वस्तू आणल्या, आणि किती जणांना आम्ही उलट उत्तर दिलं, हे वहीत लिहितो. उत्तर न दिलेला माणूस परत येत नाही.

मला सुरुवात करायची आहे. पहिलं काय करू?

घरातला सर्वांत जुना अल्बम काढा आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाशेजारी बसा. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि एकेक फोटोवर बोट ठेवून विचारा. २००८ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने लोकांना घरातली पहिल्या महायुद्धाची पत्रं, फोटो, पदकं घेऊन बोलावलं, जागेवर स्कॅन करून वस्तू परत दिल्या. पुढे युरोपियाना या युरोपातल्या संग्रहांच्या संकेतस्थळाने तीच पद्धत देशोदेशी नेली. आम्ही रविवारी तेच करतो. सकाळी या, तासाभरात स्कॅन करून तुमची वस्तू तुमच्या हातात परत देतो, सोबत पेन ड्राइव्ह आणलात तर फाइलीही. काळ्या पानांच्या जुन्या अल्बममधले फोटो उपटून सुटे आणू नका, चिकटलेलेच आणा. आणि जमलं तर आजीलाही आणा, खुर्ची आणि चहा आहे.